शैलाच्या बदल्यात

बाई सामना जमिनीवर बसून बघायच्या. कोणी खुर्ची पुढे केली तर ती बाजूला सारायच्या आणि मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेषेपासून हातभर अंतरावर मांडी घालायच्या. तिथून त्यांची नजर खेळणाऱ्या मुलींच्या घोट्यांच्या पातळीला यायची, आणि त्यांना बघायचं असायचं तेवढंच. चढाई करणाऱ्या मुलीचा चेहरा कसा होता हे सामना संपल्यावर त्यांना सांगता यायचं नाही. पण तिसऱ्या चढाईला तिचा मागचा पाय कुठे पडला, टाच उचललेली होती की टेकलेली, हे त्या दोन दिवसांनीसुद्धा सांगायच्या. "तोंडाकडे कशाला बघू?" त्या म्हणायच्या. "तोंडावर सगळ्याच शूर असतात."

मुलुंडच्या एका म्युनिसिपल शाळेत त्या पीटी शिकवायच्या, म्हणून आमच्यासाठी त्या नुसत्या बाई. सुती पातळ, कमरेला खोचलेला पदर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. वडिलांची गिरणीतली नोकरी संपल्यावर आईवडील गावी गेले आणि बाई दोन खोल्यांत एकट्याच राहिल्या. मूळच्या मालवणकडच्या. शाळेत, कमिटीत आणि पंचांशी बोलताना मराठी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी. डोकं फिरलं की मालवणी. त्यामुळे "विजया, तुझी पकड सैल पडते आहे," असं त्या म्हणाल्या तर मी निर्धास्त असायचे. "विजू, काय करतंस गो?" असं ऐकू आलं की मी आधी पाय सावरायचे.

मुलुंडच्या आमच्या क्रीडा मंडळाचा पुरुषांचा कबड्डी संघ जुना. मुलींचा संघ बाईंनी उभा केला, तो घरोघर हिंडून. पोरीनं हाफ पॅण्ट घालून चारचौघांत मातीत लोळायचं, हे आमच्या आयांना पटवणं सोपं नव्हतं. बाई यायच्या, पलंगाच्या कडेला बसायच्या, आईच्या सगळ्या शंका ऐकून घ्यायच्या. चहा समोर आला तरी कपाला हात लावायच्या नाहीत. होकार मिळाला की मगच पहिला घोट. आमच्या घरी त्यांनी असा दोनदा चहा गार होऊ दिला होता. तिसऱ्या वेळी माझे वडीलच म्हणाले, "अगं, पाठव तिला, नाहीतर या बाई आपली साखर संपवतील." मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पुढची आठ वर्षं मी बाईंच्या संघात उजव्या कोपऱ्यावर उभी राहिले. समोरून चढाई करणारी मुलगी माझ्या बाजूला वळली की तिचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच माझं काम. ते मला चांगलं जमायचं. कोपऱ्यावर खेळणाऱ्यांत उपनगरात माझं नाव आधी घेतलं जायचं.

हे सांगते आहे ते संपानंतरच्या वर्षाचं. वडील गिरणीच्या संपात घरी बसलेले, मी भांडुपच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. त्या वर्षी आमची मुख्य चढाईपटू लग्न करून बडोद्याला गेली आणि संघाची वाटच लागली. पकडी आम्ही करायचो, पण गुण आणायला पलीकडे जाणार कोण? लागोपाठ दोन स्पर्धांत पहिल्याच फेरीत घरी आलो. मंडळाचे सेक्रेटरी नाना, तसे मनाने वाईट नव्हते, पण पुरुषांच्या संघाला संध्याकाळची मैदानाची वेळ कमी पडत होती. कमिटीच्या बैठकीत ते सरळ म्हणाले, "बाई, जिल्हा स्पर्धेत तुमच्या पोरी शेवटच्या चार संघांत आल्या तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मैदान मुलांना. उगाच कशाला ओढत बसायचं?"

बाईंनी स्पर्धेची तारीख विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी सरावानंतर मला म्हणाल्या, "रविवारी वाकोल्याला येतेस का? एक मुलगी बघायची आहे."

वाकोल्याची मुलगी म्हटल्यावर मी समजले. शैला. एकोणीस वर्षांची, उंच, काटक. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा खेळली तेव्हा सगळ्या उपनगरात तिचंच नाव होतं. एका चढाईत तिघींना मारून यायची. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, तिचा दम तुटायला लागला. चढाईत 'कबड्डी कबड्डी' न थांबता म्हणत राहावं लागतं, आवाज तुटला की मुलगी बाद. शैला पलीकडे जायची, छान पुढे सरकायची आणि कोणी हात लावायच्या आत मध्येच तिचा आवाज बंद पडायचा. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला तेच झालं, आणि वाकोल्याने हातातला सामना घालवला. तेव्हापासून ती राखीव खेळाडूंत बसत होती. कोणी म्हणे तिची छाती कमजोर आहे, कोणी म्हणे डोक्यात हवा गेली होती ती निघाली.

त्या रविवारी वाकोल्याच्या मैदानावर आपसातला सामना होता. बाई नेहमीसारख्या खाली बसल्या, मी त्यांच्या मागे उभी. शैलाने सात चढाया केल्या. चारांत तिचा दम तुटला. वाकोल्याचे प्रशिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, रेषेवरून एकसारखे ओरडत होते. "शैला, डावीकडे! शैला, कोपरा बघ! अगं शैला, झोपलीस का?" शेवटच्या चढाईनंतर त्यांनी तिला बाहेर काढलं. ती भिंतीशी जाऊन बसली, गुडघ्यात डोकं घालून. कोणी तिच्याजवळ गेलं नाही.

परतताना बसमध्ये मी म्हणाले, "बाई, ही संपलेली आहे. हिला घेऊन काय करायचं? चार चढाया फुकट म्हणजे चार गुण गेले."

"किती वेळा तिचा दम तुटला?"

"चार."

"आणि मास्तर तिच्या नावाने ओरडले ते कधी?"

मला आठवेना. मी कुठे लक्ष दिलं होतं!

"तिच्या नावाची हाक आली की तिची मागची टाच वळते," बाई म्हणाल्या. "मागे वळते. आपल्या लोकांकडे. ती पुढच्यांना घाबरत नाही, विजया. ती मागच्यांना घाबरते. छाती चांगली आहे तिची."

"कशावरून?"

"सामना संपल्यावर ती बादली घेऊन नळावर गेली ती पळत गेली. दमलेली मुलगी अशी पळते?"

मला पटलं नव्हतं. मला वाटलं, बाई बुडत्या संघासाठी काहीतरी आधार शोधताहेत.

पुढच्या दोन आठवड्यांत बाई आणखी दोनदा वाकोल्याला जाऊन आल्या, एकट्या. मला काही म्हणाल्या नाहीत. सरावाला आल्या की माझ्या बाजूला कमी यायला लागल्या. मग एका संध्याकाळी नानांनीच मैदानाच्या फाटकाशी मला थांबवलं. "काय गं, मग जाणार ना वाकोल्याला?"

"कशाला?"

नाना गडबडले. "अरे देवा. बाईंनी सांगितलं नाही का तुला?" आणि मग अडखळत त्यांनी सांगून टाकलं. मास्तर शैलाला सोडायला तयार होते, ना हरकत पत्र द्यायला तयार होते, पण बदल्यात त्यांना मी हवी होते. त्यांचा उजवा कोपरा गेली दोन वर्षं उघडा होता. नोंदणीचे फॉर्म शनिवारपर्यंत जिल्हा संघटनेकडे जायचे होते.

मी त्या दिवशी सराव न करता घरी आले. चपला दारातच भिरकावल्या. आठ वर्षं! माझ्या गुडघ्यांवरची प्रत्येक खूण त्या मातीतली. आणि जिला भर मैदानात चार शब्द सलग म्हणता येत नव्हते, तिच्या बदल्यात मला देऊन टाकायचं?

दुसऱ्या संध्याकाळी बाई घरी आल्या. आईला काहीच माहीत नव्हतं. तिने कौतुकाने चहा टाकला, खारी काढली. बाई पलंगाच्या कडेला बसल्या. कप समोर आला. त्यांनी त्याला हात लावला नाही. मी दारात उभी होते आणि तो कप बघूनच मला सगळं कळलं.

"नाना बोलले ते मला आज कळलं," बाई म्हणाल्या. "आधी मी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"मी वाईट खेळते का?"

"नाही. वाईट खेळत असतीस तर त्यांनी मागितलं असतं?"

"मग मलाच का? दुसरी कोणी द्या."

"दुसरी त्यांना नको."

"बाई, ती पोरगी गेल्या वर्षभरात एक सामना धड खेळलेली नाही. तुम्ही एका टाचेवरून मला देऊन टाकताय?"

आई चकित होऊन दोघींकडे बघत होती. वडील खिडकीशी पेपर धरून बसले होते, पण वाचत नव्हते.

बाई माझ्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, "तू कुठल्याही मैदानावर उभी राहिलीस तरी खेळशील. ती तिथे राहिली तर या वर्षी खेळणं सोडेल. मला दोघी खेळायला हव्यात." आणि उठता उठता म्हणाल्या, "सही तुझी आहे. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही, आणि तुला खेळवतानाही मनात ठेवणार नाही. हा माझा शब्द."

त्या गेल्या. चहावर साय धरली होती. आई म्हणाली, "एवढं काय मागत होत्या गं?" वडील पेपरामागून म्हणाले, "सगळंच मागत होत्या."

मी शुक्रवारी सही केली. मोठेपणाने वगैरे नाही, रागाने. बाईंनी मला नको म्हटलं, तर मला तरी त्या कशाला हव्यात, असं मनात म्हणत मी फॉर्मवर नाव लिहिलं आणि पेन नानांच्या हातात न देता टेबलावर टाकलं.

मग सुरू झाला तो प्रवास. कंपनी सुटली की बसने कुर्ला, तिथे बस बदलून वाकोला. मास्तर ओरडायचे, पण कोपऱ्यावरच्या खेळाडूला ओरडण्याचा फारसा त्रास नसतो. आमची पाठ भिंतीसारखी असते. वाकोल्याच्या मुलींनी मला लवकर आपलंसं केलं. मी मात्र मनातून मुलुंडच्या बातम्यांवर कान ठेवून होते. आणि बातम्या वाईट होत्या. शैला तिथेही बाद होत होती. पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यात तिचा दम पाच वेळा तुटला. नाना बाईंना सगळ्यांदेखत म्हणाले, "चांगली पोर घालवलीत आणि हे काय आणलंत?" खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटलं.

कुर्ल्याच्या बसस्टॉपवर शैला मला दिसायची. मी इकडून तिकडे, ती तिकडून इकडे. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन रांगा. पहिले दोन आठवडे आम्ही एकमेकींना न पाहिल्यासारखं केलं. एका संध्याकाळी माझी बस आलीच नाही, आणि ती रस्ता ओलांडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही माझ्यावर रागावलात ना?"

"नाही गं." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"तुमच्या जागेवर आता जी उभी राहते, ती सारखी पडते. सगळ्या म्हणतात, विजूताई असती तर. मला लाज वाटते." थोडं थांबून ती म्हणाली, "बाईंनी नियम केलाय. मी चढाईला गेले की मैदानावर कोणी शब्द बोलायचा नाही. बघायला आलेल्यांनीसुद्धा नाही. एकदा नाना 'शाब्बास' म्हणाले तर बाईंनी त्यांना फाटकाबाहेर काढलं. खरंच! इतकं शांत असतं ना, की मला माझाच आवाज ऐकू येतो. आता सरावात नाही तुटत दम. सामन्यातच होतं. कोणी माझ्या नावाने हाक मारली ना, ताई, तर अजूनही घशात काहीतरी अडकतं. मास्तरांचाच आवाज वाटतो."

हे तिने मला विश्वासाने सांगितलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होईल नीट."

जिल्हा स्पर्धा अंधेरीला होती. आमचा वाकोल्याचा संघ दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरीत आला आणि फलकावर पुढचं नाव लागलं: मुलुंड. जिंकणारा संघ शेवटच्या चारांत. म्हणजे मुलुंड हरलं तर तिथला मुलींचा संघच बंद होणार, हे मला ठाऊक होतं. आमच्या संघात ते फक्त मलाच ठाऊक होतं.

मैदानावर उतरले तेव्हा बाई पलीकडच्या रेषेशी खाली बसलेल्या दिसल्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

पहिला डाव बरोबरीचा झाला. शैला त्या दिवशी वेगळीच होती. मुलुंडच्या मुली चिडीचूप उभ्या, बाई चिडीचूप, आणि तिचा एकसुरी आवाज मैदानभर. तिने आमच्या दोघींना सहज मारलं. मास्तर तिला मुद्दाम हाका मारत होते, पण पंचांनी त्यांना ताकीद दिली: बाहेरून बोलायचं नाही. मध्यंतरात मास्तर माझ्याजवळ आले. "विजया, बाहेरून मला बंदी आहे. तुला नाही. तुझ्यासमोर आली की नुसती नावाने हाक मार. बस."

मी त्यांना नाही म्हणाले नाही.

दुसऱ्या डावात शैला माझ्या बाजूला वळली. तिचा पाय माझ्यापासून हातभर. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते आज नीट सांगता येत नाही. नानांचं 'चांगली पोर घालवलीत' असेल, तो सायीचा कप असेल. मी मोठ्याने म्हणाले, "शैला!"

तिचा आवाज कापल्यासारखा थांबला. पंचांची शिट्टी. शैला बाद. वाकोल्याच्या बाजूला टाळ्या पडल्या. शैला जाताना माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मी विसरलेले नाही. बाईंनी तक्रार केली नाही. नियमात तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच.

मधे मुलुंडने आमची एक मुलगी बाद केली आणि शैला पुन्हा आत आली. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. मुलुंडची शेवटची चढाई. बाईंच्या संघात आणखी दोघी चढाई करू शकणाऱ्या होत्या, आणि नाना बाईंच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण बोट दुसऱ्या मुलीकडे होतं. बाईंनी मान हलवली: नाही. शैला पुढे झाली.

ती सरळ माझ्याकडे आली. आमच्या डाव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे एक लहान मुलगी कोपऱ्यावर होती. शैला तिकडे गेलीच नाही. तिने माझ्यासमोर पाय टाकला आणि मी पुन्हा ओरडले, "शैला!" आणखी मोठ्याने, "शैला, मागे बघ!"

तिचा आवाज एकदा हलला. फक्त एकदा. मग तो वर चढला, इतका की मला दुसरं काही ऐकू येईना. मी तिच्या घोट्यावर झेप घेतली. पकड चांगली बसली होती, माझ्या आयुष्यातली चांगली पकड. माझ्या शेजारची मुलगी तिच्या कमरेवर पडली. आम्ही दोघी तिला ओढतोय आणि ती गुडघ्यांवर, मग छातीवर, एकेक वीत पुढे सरकतेय, आणि तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच आहे, मातीत, खोकत. तिची बोटं मध्यरेषेवर टेकली. दोन गुण. मुलुंड एका गुणाने जिंकलं.

मी तशीच जमिनीवर पडून राहिले. शैलाचा घोटा अजून माझ्या हातात होता. तिनेच वाकून माझी बोटं सोडवली. मग आपल्या मुलींकडे गेली.

सगळे पांगल्यावर मी बाईंकडे गेले. त्या बूट झटकत होत्या. मी समोर उभी राहिले. "बाई, मी..." एवढंच म्हणाले.

"हाक मारलीस ते एका अर्थी बरं झालं," त्या म्हणाल्या. "कधीतरी कोणीतरी मारणारच होतं. आता तिला कोणाची भीती राहिली नाही." मग मान वर केली. "पण तू मारलीस, हे मला आवडलं नाही."

याहून जास्त त्या कधीही त्याबद्दल बोलल्या नाहीत. मी शैलाची माफी कुर्ल्याच्या बसस्टॉपवर मागितली, त्याला आठ दिवस लागले. ती म्हणाली, "मी तर तुमच्याकडेच येणार होते, ताई. तुम्ही ओरडलात आणि मला आलं रडू, आणि रडू आलं की मला राग येतो." आम्ही दोघींनी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या उसाचा रस प्यायला. तिथून आमची जी मैत्री झाली ती अजून आहे.

मुलुंडचा मुलींचा संघ टिकला. शैला तीन वर्षं राज्याच्या संघातून खेळली, खेळाच्या जोरावर तिला सरकारी नोकरी लागली. दुसऱ्या वर्षी नोंदणीच्या दिवसांत बाईंनी मला विचारलं, "परत येतेस? मास्तर सोडतील." मी नको म्हणाले. तोवर वाकोल्याने मला कर्णधार केलं होतं, आणि मास्तरांना मैदानाबाहेर गप्प बसवायची जबाबदारीही माझ्याकडेच आली होती. बाई मोठ्याने हसल्या. "बघ, खेळतेसच की नाही कुठेही!"

शैलाचा कुठे सत्कार झाला की ती एक वाक्य हमखास बोलायची: "कोणाचाच माझ्यावर विश्वास नव्हता तेव्हा बाईंना पक्की खात्री होती." लोक टाळ्या वाजवायचे. बाई असल्या तर खाली बघत बसायच्या. मीही टाळ्या वाजवायचे, कारण त्या खात्रीवरच मीसुद्धा उभी होते. बाईंना दिसलं होतं, मला दिसलं नव्हतं. म्हणून त्यांनी मला दिलं ते बरोबर होतं, अशी मी माझी समजूत घातली होती.

बाई निवृत्त झाल्या आणि गावी जायला निघाल्या तेव्हा मी त्यांना कुर्ल्याच्या एसटी स्टॅण्डवर पोहोचवायला गेले. संध्याकाळची मालवणची गाडी. शैलाही येणार होती, पण तिला ऑफिसातून निघायला उशीर होत होता. बाई खिडकीशी बसल्या, मांडीवर पिशवी. मी खाली उभी. गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि मी एवढ्या वर्षांनी सहज म्हणाले, "बाई, तुमची नजर काय होती! एका टाचेवरून तुम्ही ओळखलंत."

बाई पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "माका खंय खात्री होती गो!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"टाच एकदा वळलेली मी बघितली होती. एकदाच. पुढच्या दोन्ही खेपांना गेले तेव्हा वळली नाही. घरी येऊन रात्रभर जागी होते. तुला सांगायला आले तेव्हाही मला ठाऊक नव्हतं की ती खेळेल."

"मग मला का दिलंत?" माझा आवाज चढला. एवढ्या वर्षांनी, बसस्टॅण्डवर, मी पुन्हा तेवीस वर्षांची झाले होते.

"आधी मी तिला नुसती मागितली होती," बाई म्हणाल्या. "मास्तर हसले. म्हणाले, घेऊन जा, आमच्या काय कामाची? आणि ती तिथेच उभी होती गं. पाण्याची बादली हातात. तिने ते ऐकलं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तशी तिला आणली असती तर ती त्या शब्दासकट आली असती. मग मीच मास्तरांना म्हटलं, फुकट नको. बदल्यात आमची कोणीही मागा. त्यांनी तुझं नाव घेतलं. उपनगरातला पहिला कोपरा. मी तिच्यासमोर हो म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा तिने बादली खाली ठेवली."

ती अट वाकोल्याने घातली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. कंडक्टरने दार ओढून घेतलं. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, घाईघाईने, आणि गाडी हलली.

शैला पळत आली तेव्हा गाडी फाटकाबाहेर वळत होती. ती धापा टाकत माझ्याशेजारी उभी राहिली, दोन्ही हात वर करून हलवत. गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाली, "चुकलंच माझं. काय म्हणाल्या गं बाई? माझ्याबद्दल काही बोलल्या?"

"हो," मी म्हणाले. "म्हणाल्या, मला पहिल्या दिवसापासून खात्री होती."

शैलाने डोळे पुसले. बाई पुढे चार वर्षांनी गावीच वारल्या.